बोकड घाटात पोचेपर्यंत

मुंबईत हिवाळा येतो, यावर विश्वास ठेवून पोट भरणारी माणसं दोनच प्रकारची: स्वेटर विकणारे आणि मी. स्वेटरवाल्यांचा धंदा बसल्यात जमा आहे. माझा अजून चालू आहे.

मी बोरिवलीत सायकलस्वार तयार करतो. गुळगुळीत रस्त्यावर शर्यती लावणारे नव्हेत, डोंगरात सायकल घालणारे. जाड दातेरी टायर, दगड, मुळं, ओढे, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर गुडघ्यावर हळद. त्याआधी बरीच वर्षं मी एका शाळेत पीटी शिकवत होतो. निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी मला ‘क्रीडाक्षेत्रातला दीपस्तंभ’ म्हटलं. याच गृहस्थांनी शाळेचं मैदान लग्नसमारंभांना भाड्यानं दिलं होतं. दीपस्तंभाला उभं राहायला जागा लागते, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

माझ्या धंद्यातली विचित्र गोष्ट अशी, की दिवाळी संपली की संक्रांत उलटून जाईपर्यंत मी माझ्या डोंगरवाल्यांना डोंगरावर जाऊच देत नाही. भाऊबीज झाली की पहिल्या रविवारी सगळे आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमतात, दातेरी टायर उतरवतात आणि गुळगुळीत चढवतात. मग पुढचे अडीच-तीन महिने फक्त डांबर. गोराईच्या तरीवर, म्हणजे फेरीबोटीवर, सायकली चढवायच्या, पलीकडे उतरून उत्तनपर्यंत जायचं, भाईंदरवरून फिरून परत यायचं. कधी मालाडहून मढ. तासन् तास, एका संथ लयीत, न थांबता. यावरून मला ‘डांबर मास्तर’ हे नाव पडलं आहे. नाव ठेवणाऱ्यांना वाटतं मला ते ठाऊक नाही.

बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं. डोंगरात जायचं तर डोंगरात सराव करावा. पण डोंगरात पाय सतत चालत नाहीत. उतार आला की थांबतात, दगड आला की शरीर सायकल सांभाळण्यात गुंततं, चढ आला की एकदम जीव काढावा लागतो. तिथे धाडस वाढतं, हातोटी वाढते, पण दम वाढत नाही. दम वाढतो कंटाळवाण्या सपाट रस्त्यावर, जिथे पायांना पळवाट नसते. आमच्या वरच्या मजल्यावर गाण्याच्या एक बाई राहतात. थंडीच्या दिवसांत त्या पहाटे फक्त खर्ज लावतात. एकच खालचा सूर, बराच वेळ. ऐकणाऱ्याला वाटतं पाण्याचा पंप बिघडला. मी एकदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मार्गशीर्षात खर्ज नाही लावला, तर चैत्रात तार सप्तकात आवाज फाटतो.” माझं सगळं शास्त्र या एका वाक्यात बसतं. बाकी जे मी बोलतो ते फी घेतो म्हणून.

आता प्रश्न असा, की संथ म्हणजे किती संथ? हल्ली छातीला पट्टा बांधून, मनगटावर घड्याळ लावून ते मोजतात. मी त्याच्या विरोधात नाही. पण माझं माप जुनं आहे: सायकल चालवता चालवता अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं, धाप आडवी आली, की वेग जास्त. यातून आमच्या गटात एक रीत पडली. दर रविवारी एकानं गोष्ट सांगायची आणि ज्याची गोष्ट त्याचा वेग. सांगणारा मध्ये, बाकीचे त्याच्या मागेपुढे. त्याला धाप लागली की सगळ्यांनी हळू व्हायचं. त्याला ओलांडून कुणी पुढे जायचं नाही. मी स्वतः आता गुडघ्यांमुळे स्कूटरवरून मागे असतो आणि कान देऊन ऐकतो. बोरिवलीच्या निम्म्या सोसायट्यांच्या भानगडी मला अशा रीतीनं, व्यावसायिक कारणासाठी, ठाऊक झालेल्या आहेत.

मागच्या हिवाळ्याची गोष्ट सांगतो. त्या वर्षी आमच्या शुभारंभाला एक भावी नगरसेवक आले होते. ते गेली कित्येक वर्षं भावीच आहेत. झेंडा दाखवून त्यांचं समाधान होईना. फोटोसाठी सायकलवर बसायचं म्हणाले. बसले, आणि त्यांचं कडक इस्त्रीचं धोतर साखळीत गेलं. ते सोडवायला आमच्यातलीच एक बाई पुढे आली, वाकली, पॅडल उलटं फिरवलं आणि धोतर अलगद मोकळं केलं. “हलू नका,” ती त्यांना म्हणाली, “हलणारा पेशंट मला आवडत नाही.”

ती वैशाली. एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका, वय चाळिशीला टेकलेलं. वडील कोकणातले, गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मालाडला वॉचमन झाले. माझ्याकडे आलेल्यांत इतके मजबूत पाय मी क्वचित पाहिले. आणि तरीही सह्याद्रीत दर फेब्रुवारीत होणाऱ्या चार दिवसांच्या डोंगरी शर्यतीत ती दोनदा अपुरी राहिली होती. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी, एकाच जागी. तिथे एक लांबलचक घाट आहे. माथ्यावर आयोजक दोरी घेऊन उभे असतात आणि ठरलेली वेळ झाली की दोरी आडवी धरतात. त्यानंतर येणाऱ्याला सायकलसकट टेम्पोत घालून खाली आणतात. वैशाली दोन्ही वर्षं टेम्पोतून आली.

“सर, ही शेवटची खेप,” ती मला म्हणाली. “पुढच्या वर्षी पोरीची दहावी.”

दहावीच्या वर्षी मराठी घरात आईला श्वास घ्यायची परवानगी असते, पण तोसुद्धा आवाज न करता.

टायर चढवताना शेजारी पराग होता. पराग एका कंपनीत मोठा साहेब आहे, अंगावर इतकी यंत्रं बांधतो की मी त्याला गमतीनं अतिदक्षता विभाग म्हणतो. तोही त्या शर्यतीत उतरणार होता, पहिल्यांदाच. माणूस उमदा. गोराईला टोपली घेऊन कुणाच्या तरी स्कूटरच्या मागे बसलेली कोळीण त्याला “ए, सर बाजूला, मावरं सडंल माझं” असं ओरडून पुढे गेली, तेव्हा सगळ्यात जास्त तोच हसला.

पहिल्या रविवारी गोष्टीची पाळी वैशालीची होती.

“मला गोष्टी येत नाहीत,” ती म्हणाली.

“हॉस्पिटलातली सांग की,” पराग म्हणाला.

“ती तुला नाश्त्याच्या आधी झेपणार नाही.”

तरीतून उतरून उत्तनच्या रस्त्याला लागलो, दोन्ही बाजूंना बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले, आणि तिनं सुरुवात केली. ती आठ-नऊ वर्षांची असताना तिच्या बाबांनी गावच्या देवाला बोकडाचा नवस बोलला होता. एका ओळखीच्या माणसानं मालाडलाच बोकड दिला, म्हणून तो चाळीच्या गॅलरीत आला. पोरांनी त्याचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं, कारण तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशवीत तोंड घालून तपासणी करायचा. एका काकूंच्या हळदीकुंकवाची अख्खी वेणी त्यानं खाल्ली. शेवटी त्याला गावी न्यायचा दिवस आला. एसटीचा कंडक्टर म्हणाला, बोकडाला तिकीट नाही आणि बोकडाला सीटही नाही. म्हणून आंब्याच्या रिकाम्या पेट्या परत नेणाऱ्या टेम्पोत बाबा, वैशाली आणि इन्स्पेक्टर असे तिघे मागे बसून निघाले.

“आणि कशेडीच्या घाटाच्या पायथ्याशी,” ती म्हणाली, “टेम्पो...”

तिथे रस्ता वर वळला. उत्तनकडे एक चढ आहे, फार मोठा नाही. पण रस्ता वर वळल्याबरोबर वैशाली पॅडलवर उभी राहिली आणि गेली. माथ्यावर आम्ही पोचलो तेव्हा ती पाणी पीत होती, चेहरा लाल, डोळ्यांत आनंद.

“बोकड कुठाय?” मी विचारलं.

“कुठला बोकड?”

“जो तू खाली सोडून आलीस.”

हा डोंगरवाल्यांचा खास रोग आहे. सपाटीवर ते माझं ऐकतात, कारण सपाटीला ते किंमत देत नाहीत. पण चढ दिसला, की तो हळू चढणं त्यांना अपमान वाटतो. त्यातून बरोबर माणसं असली तर बघायलाच नको. आणि वैशाली घाटात हरत नव्हती, हे मला दोन वर्षं दिसत होतं. पहिल्या दोन दिवसांत दहा-वीस बारके चढ येतात. प्रत्येकावर ती उभी राहून उधळायची. तिसऱ्या दिवशी घाट आला की गल्ला रिकामा.

गोष्ट अपुरी, म्हणून पाळी पुन्हा तिचीच. दुसऱ्या रविवारी तेच झालं, तिसऱ्या रविवारी तेच. टेम्पो कशेडीच्या पायथ्याशी आला, की वैशाली चढावर पसार. परागनं एकदा कळवळून हाक मारली, “अगं, टेम्पोचं काय झालं ते तरी सांग यार.” उत्तर मिळायला ती तिथे नव्हती.

चौथ्या वेळी मी माथ्यावर तिला बाजूला घेतलं.

“सर, मी काय करू?” ती म्हणाली. “चढ आला की पाय ऐकतच नाहीत.”

“पाय ऐकत नाहीत म्हणूनच दोनदा टेम्पोतून आलीस.”

खरं होतं ते. पण खरं बोलायला दुसरे शब्द मिळाले असते. ती सायकल वळवून निघून गेली. पुढच्या रविवारी आली नाही. फोन उचलला नाही. तरीवरून जाताना पराग म्हणाला, “सर, तुम्ही तिला बोललात ते ठीक. पण आता बोकडाचं कसं कळणार?” मी त्याला म्हटलं, तूच मेसेज कर. त्यानं केला. एवढाच: ‘बोकड मेला की जगला, ते तरी कळवून जा.’

त्याच्या पुढच्या रविवारी ती जेट्टीवर आमच्या आधी हजर होती.

“तुमचं बोलणं लागलं मला,” ती म्हणाली. “दोन दिवस तुमच्याशी मनात भांडले. मग ड्यूटीनंतर एकटीच मढला गेले. म्हटलं, बघू तरी. पुलावरचा चढ आला की मोठ्यानं बोलायचं. मी आपली बडबडत चाललेय, आणि शूटिंगच्या बंगल्याबाहेरचा वॉचमन विचारतो, मॅडम, कुठल्या सीनचं पाठांतर?”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, बोकडाचा रोल मिळालाय.”

त्या दिवशी उत्तनचा चढ समोर आला. मी स्कूटर जरा जवळ घेतली. रस्ता वर वळला. वैशालीची मांडी सीटवरून अर्धी उचलली गेली, मी पाहिलं. मग ती परत खाली बसली. गियर हलका केला. आणि म्हणाली, “तर टेम्पो पायथ्याशी आला, आणि ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली.”

पाय फिरत होते, वाक्य तुटत नव्हतं. ड्रायव्हर कसा होता, त्याच्या काचेवर काय लिहिलं होतं, इंजिनातून वाफ कशी निघाली, बाबांनी त्याला कुठल्या शिव्या घातल्या आणि लेकीच्या देखत त्यातल्या कुठल्या गिळल्या, हे सगळं सांगत ती चढत होती. माथा कधी आला ते कुणाला कळलं नाही. माझ्या धंद्यात टाळ्या वाजवायची पद्धत नाही. मी हॉर्न वाजवला. एक म्हातारे फादर रस्ता ओलांडत होते, ते दचकले.

त्यानंतर मात्र दुसरीच पंचाईत झाली. वैशालीला चढावर बोलण्याची गोडी लागली आणि गोष्ट पुढे सरकेना. दर रविवारी घाटात नवीन काहीतरी यायचं. एकदा रसवंतीवाला आला. एकदा शेजारच्या गावचं लग्नाचं वऱ्हाड, ज्याच्या नवरदेवाचं बाशिंग इन्स्पेक्टरनं तपासलं. आम्ही तोच चढ दोनदा, तीनदा चढू लागलो, फक्त पुढचं ऐकायला. संक्रांतीपर्यंत बोकड अजून कशेडीच्या अर्ध्यावरच होता.

“शेवट आहे ना, की नाहीच?” पराग वैतागून म्हणाला.

“आहे. पण फुकट नाही मिळणार. मी शर्यत पुरी केली, की शेवटच्या दिवशी सांगेन. मग तू चहा पाज.”

फेब्रुवारीत आम्ही सगळे सह्याद्रीत गेलो. उद्घाटनाला पाच भाषणं झाली. प्रत्येक वक्त्यानं सायकल हे आरोग्याचं, पर्यावरणाचं आणि राष्ट्राचं चाक आहे असं सांगितलं आणि प्रत्येकजण मोटारीतून निघून गेला. आयोजकांना घाटमाथ्यावर पाणी द्यायला माणूस हवा होता. मी स्वतःहून गेलो. खोटं कशाला सांगू, दोरीच्या जवळ उभं राहायचं होतं.

पहिले दोन दिवस वैशाली मागेच होती. बारक्या चढांवर तरणी पोरं तिला ओलांडून गेली, एकदोघांनी ओलांडताना ‘कम ऑन आंटी’ असं उत्तेजनही दिलं. तिनं मला रात्रीच्या जेवणाला एवढंच सांगितलं, “सर, आंटी हळू गेली.” पराग मात्र पुढच्या घोळक्यात होता. त्याची यंत्रं त्याला हळू जा म्हणत होती, पण पहिल्याच शर्यतीत पुढचे दिसत असताना यंत्राचं कोण ऐकतं?

तिसऱ्या दिवशी मी माथ्यावर पाण्याचे कॅन मांडून बसलो. ऊन चढत गेलं. पुढचे आले, गेले. मग ‘कम ऑन आंटी’वाल्यांपैकी एकजण आला, तोंडाला फेस आलेला, आणि न बोलता डोक्यावर पाणी ओतून घेऊन गेला. मग बराच वेळ कुणी नाही. आयोजकांच्या पोरांनी दोरी सोडवायला घेतली. मी त्यांना पाणी विचारलं. त्यांना तहान नव्हती. तरी दिलं. पाणी पिताना माणसाला दोरी धरता येत नाही.

आणि मला आवाज आला. वळणापलीकडे कुणीतरी बोलत होतं. घाटात माणसं धापा टाकतात, शिव्या देतात, देवाचं नाव घेतात. इथे कुणीतरी निवांत, चाळीच्या गॅलरीत उभं राहून सांगावं तसं काहीतरी सांगत होतं. ओळखायला मला डोळ्यांची गरज नव्हती. एवढी वर्षं ही माणसं हिवाळ्यात डांबरावर का नेली, याचं उत्तर वळणापलीकडून चालत येत होतं आणि मी कॅनची तोटी उघडी टाकून उभा राहिलो.

वळणावरून दोन सायकली आल्या. एक वैशालीची. दुसरी परागची. तो जवळजवळ आडवा झाला होता, मान खाली, गुडघे फाकलेले. तो अर्ध्या घाटात सायकल टाकून रस्त्याकडेला बसला होता, टेम्पोची वाट बघत, हे मला नंतर कळलं. वैशाली त्याच्या शेजारी थांबली होती आणि तिनं त्याला सांगितलं होतं, “ऊठ. शेवट सांगते. पण बसलेल्याला नाही, चालवणाऱ्याला.”

ज्याची गोष्ट त्याचा वेग. ती तिच्या लयीत चढत होती आणि तो फक्त ऐकू येईल इतक्या अंतरावर राहायची धडपड करत होता.

“...तर आम्ही सगळेच उतरलो,” ती म्हणत होती. “ड्रायव्हर म्हणाला, गाडी हलकी होऊ दे, चालत वर या. बाबांनी बोकडाची दोरी सोडली. म्हटलं पळून जाईल. तो कुठला पळतोय. तो आपला पुढे, एका चालीनं. बाबा मधेच जोरात चालायचे, मग दम लागून बसायचे. मी पळायचे, मग बसायचे. तो ना पळाला, ना बसला. चालत राहिला नुसता.”

“मग?” पराग म्हणाला. त्याच्या दमात तेवढा एकच शब्द मावत होता.

“मग आम्ही वर पोचलो, तर हा सावलीत बसून रवंथ करतोय. आमची वाट बघत. बाबा त्याच्यासमोर बसले. बराच वेळ बघत राहिले.”

दोरीवाल्या पोरांनी पाण्याचे ग्लास खाली ठेवले. एकानं दोरीचं टोक हातात घेतलं, पण ताणलं नाही. तोही ऐकत होता.

“मग?”

“मग बाबा म्हणाले, ‘ह्यो माझ्यापेक्षा बरो चढलो. ह्येका मी कापलंय, तर ह्यो घाट माका परत चढूक देवचो नाय.’”

त्या दोघांची चाकं दोरीच्या खुणेवरून पलीकडे गेली. मी मागे वळून पाहिलं तर पोरं दोरी ताणत होती.

पराग सायकलवरून उतरला नाही, पडला. जमिनीवर पडल्या पडल्या त्यानं विचारलं, “आणि देवाचं काय?”

“देवाला नारळ दिला,” वैशाली म्हणाली. “देव काही बोलला नाही. इन्स्पेक्टर गावी म्हातारा होऊन गेला. सरपंचाच्या सुद्धा पिशव्या तपासायचा.”

मी तिला पाणी दिलं. तिला धाप लागली नव्हती. ग्लास रिकामा करून ती म्हणाली, “सर, तोटी बंद करा. सगळं पाणी चाललंय.”

चौथा दिवस उताराचा होता. तो दोघांनी पुरा केला. चहा परागनं पाजला.

यंदा वैशाली येणार नाही, पोरीची दहावी आहे. पण पराग दोन नवे डोंगरवाले घेऊन आला आहे, आणि टायर उतरवताना त्यांना हळू आवाजात सांगत होता, की मास्तरांचं डांबर पहिल्यांदा कंटाळवाणं वाटतं. मला ऐकू गेलं. त्यांनी विचारलं, मग करायचं काय त्या रस्त्यावर? तो म्हणाला, “चढ आला की बोलायचं. मला एक बोकडाची गोष्ट येते. पण शेवट आत्ता नाही सांगणार.”